ओझूंच्या घरातल्या लेकी

स्वतः जन्मभर अविवाहित राहून ज्यांनी पडद्यावर मात्र एकामागून एक मुलींची लग्ने लावली, त्या यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाची ओळख करून देण्यासाठी स्मरणिकेची ही चार पाने मी अडवीत आहे. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कोणा ना कोणा दिवंगत थोरांचे चरित्र असते. बहुधा ते संतांचे, समाजसुधारकांचे नाही तर एखाद्या शिक्षणप्रेमी बाईंचे असते. यंदा सिनेमावाल्याचे चरित्र आलेले पाहून काही भगिनी नाक मुरडतील हे मला ठाऊक आहे. पण ज्या माणसाने उत्तरायुष्यात घर, मुलीचे लग्न आणि थकलेले आईबाप यांपलीकडे विषयच फारसा हाताळला नाही, त्याचे चरित्र महिला मंडळाच्या स्मरणिकेत यायचे नाही तर कोठे यायचे?

ओझूंचा जन्म १२ डिसेंबर १९०३ रोजी टोकियोच्या फुकागावा या जुन्या व्यापारी वस्तीत झाला. वडिलांचा खतांचा व्यापार होता. पाच भावंडांत हे दुसरे. १९१३ साली वडिलांनी बायकोला व मुलांना मात्सुसाका या आपल्या मूळ गावी पाठवले आणि स्वतः धंद्यासाठी टोकियोतच राहिले. नोकरीधंद्यापायी घरधनी मुंबईस आणि कुटुंब कोकणात, हा प्रकार आपल्याला नवा नाही. पुढची दहा वर्षे यासुजिरो आईच्याच छत्राखाली वाढले. त्या माऊलीचे नाव आसाए. आईशी जडलेले हे नाते त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही, आणि वडील दूर असलेले ते घर त्यांच्या चित्रपटांतही निरनिराळ्या रूपांनी डोकावत राहिले, असे मला वाटते.

अभ्यासात त्यांचे लक्ष नव्हते. शाळेच्या वसतिगृहातून त्यांना काढून टाकले, तेव्हा रोज आगगाडीने शाळेस जाणे आले आणि त्यातून सिनेमे पाहण्याची आयतीच सोय झाली. कोबेच्या वाणिज्य विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत ते नापास झाले. मग वर्षभर एका डोंगरी खेड्यात बदली शिक्षक म्हणून त्यांनी मुलांना शिकवले. १९२३ साली ते टोकियोस परतले आणि एका नातलगाच्या ओळखीने शोचिकू या चित्रसंस्थेत छायालेखकाचा मदतनीस म्हणून शिरले. वडिलांना ते मुळीच पसंत नव्हते. मदतनिसाचे काम म्हणजे जड कॅमेरा खांद्यावर घेऊन सेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेणे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टोकियोचा तो भयंकर भूकंप झाला आणि त्या आगीत अर्धे शहर बेचिराख झाले. लहानपणचे टोकियो अशा रीतीने त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले.

ते दिग्दर्शक कसे झाले याची हकिकत गमतीची आहे. स्टुडिओच्या उपाहारगृहात भुकेलेले ओझू आपल्या करीभाताची वाट पाहत बसले होते. तेवढ्यात एक दिग्दर्शक आले आणि वाढप्याने ओझूंचा क्रम डावलून त्यांना आधी वाढले. ओझूंनी उठून वाढप्याला ठोसा लगावला. ही तक्रार स्टुडिओचे प्रमुख शिरो किदो यांच्या कानावर गेली. त्यांनी या तापट पोराला बोलावून घेतले आणि घालवून देण्याऐवजी एखादी कथा लिहून आणायला सांगितले. १९२७ साली त्यांचा पहिला चित्रपट निघाला. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. आपल्या आयुष्यात त्यांनी पन्नासहून अधिक चित्रपट काढले, पण आरंभीच्या मूकपटांपैकी कितीतरी असेच कायमचे गेले.

जे उरले त्यांतला १९३२ सालचा, दोन लहान भावांवरचा मूकपट मी तरुण मातांना आवर्जून पाहायला सांगेन. आपले वडील म्हणजे जगातील सर्वांत मोठा माणूस, अशी या मुलांची समजूत असते. एके दिवशी वडिलांच्या साहेबाच्या घरी हौसेने घेतलेली चित्रफीत दाखवली जाते आणि तीत आपले वडील साहेबाला हसवण्यासाठी माकडचेष्टा करताना मुलांना दिसतात. मुले घरी येऊन अन्नसत्याग्रह मांडतात. पोट धरून हसावे असा हा चित्रपट, पण साहेबापुढे वाकणाऱ्या बापाचा चेहरा नंतर किती तरी दिवस डोळ्यांपुढून हलत नाही.

१९३४ साली वडील वारले. दोन वर्षांनी त्यांचा पहिला बोलपट आला. 'हितोरी मुसुको', म्हणजे 'एकुलता एक मुलगा'. रेशमाच्या गिरणीत राबणारी एक विधवा घरदार विकून मुलाला टोकियोस शिकवते. काही वर्षांनी त्याला भेटायला जाते, तर तो शहराबाहेरच्या ओसाड वस्तीत राहणारा रात्रशाळेचा गरीब मास्तर झालेला असतो. आईला शहर दाखवता यावे म्हणून सून आपला किमोनो विकून पैसे उभे करते. म्हातारी गावी परतून सर्वांपाशी मुलाची वाखाणणी करते आणि मग गिरणीच्या मागच्या अंगाला एकटीच जाऊन बसते. त्या बसण्यात जे आहे ते सांगायला माझ्यापाशी शब्द नाहीत.

आता एक काळा भाग. चरित्रकारांनी नायकाचे डाग झाकू नयेत, म्हणून सांगते. १९३७ साली ओझूंना सैन्यात बोलावून चीनच्या आघाडीवर धाडले. ते ज्या पलटणीत होते ती विषारी वायूच्या कामाची होती. जवळजवळ दोन वर्षे ते तेथे होते. जपानी सैन्याने त्या देशात काय केले ते जगाला माहीत आहे, आणि ओझू त्या सैन्याचे एक शिपाई होते. त्यांचा जिवलग मित्र, दिग्दर्शक सादाओ यामानाका, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी चीनमध्येच आमांशाने वारला. परत आल्यावर ओझूंनी युद्धाचा एकही प्रसंग पडद्यावर रंगवला नाही. मात्र त्यांच्या नंतरच्या काही चित्रपटांत युद्धावर गेलेला आणि परत न आलेला मुलगा असतो. भिंतीवर त्याचा फोटो असतो आणि घरात त्याची विधवा असते. हे प्रायश्चित्त होते की नुसते मौन, याचा निवाडा मला करता येत नाही.

आपल्या देशाशीही त्यांची एकदा गाठ पडली होती, हे वाचून पुष्कळजणींना आश्चर्य वाटेल. १९४३ साली जपानी सैन्याने त्यांना सिंगापूरला पाठवले, ते हिंदुस्थानच्या स्वातंत्र्ययुद्धावर, म्हणजे नेताजींच्या आझाद हिंद सेनेवर चित्रपट काढण्यासाठी. 'चलो दिल्ली' या अर्थाचे त्याचे नाव होते. तो पुरा झाला नाही. जपानने शरणागती पत्करली तेव्हा जे काही लिहून आणि टिपून झाले होते ते त्यांनी जाळून टाकायला लावले. मधल्या काळात जप्त केलेल्या अमेरिकन चित्रपटांचा साठा त्यांच्या हाती लागला होता आणि शत्रूचे शंभरावर चित्रपट त्यांनी तेथे बसून पाहिले. युद्ध संपल्यावर मायदेशी परतणाऱ्या पहिल्या जहाजात सर्वांना जागा पुरेना, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. ओझूंची चिठ्ठी निघाली. ती त्यांनी दुसऱ्याला दिली आणि स्वतः मागे राहून १९४६ च्या फेब्रुवारीत घरी पोहोचले.

ज्या ओझूंवर जग आज प्रेम करते ते खरे म्हणजे येथून पुढचे. पटकथालेखक कोगो नोदा हे त्यांचे जुने स्नेही. दोघे मिळून समुद्रकाठच्या चिगासाकीतल्या एका खानावळवजा उतारशाळेत, पुढे तातेशिनाच्या डोंगरात नोदांच्या बंगलीवर, महिनोन् महिने मुक्काम ठोकीत. लिहिता लिहिता साके नावाची तांदळाची दारू पीत आणि रिकाम्या बाटल्या मोजून कथा किती पुढे सरकली याचा अंदाज घेत. हा भाग मंडळाच्या स्मरणिकेत लिहू की नको असा विचार केला, पण खरे ते खरे.

चित्रीकरणाची त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. कॅमेरा ते अगदी खाली ठेवीत, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही जरा खाली. आपल्याकडे पंगतीत पाटावर बसलेल्याला वाढणारी बाई जशी दिसते, तशी ओझूंच्या चित्रपटांत माणसे दिसतात. कॅमेरा हलत नाही, धावत नाही. दोन प्रसंगांच्या मध्ये एखादी रिकामी खोली, दोरीवर वाळत घातलेले कपडे, दुरून जाणारी आगगाडी एवढेच दाखवतात आणि पाहणारीला क्षणभर श्वास घ्यायला सवड देतात. कपबशा, बाटल्या कोठे मांडायच्या हे ते स्वतः कॅमेऱ्यातून पाहून बोटबोटभर सरकवून ठरवीत. रंगीत चित्रपट काढू लागल्यावर तर एक लाल किटली त्यांच्या घराघरांतून दिसू लागली. पहिल्यांदा पाहताना हे सारे संथ वाटते. मला स्वतःला तो संथपणा घरकामाच्या लयीसारखा वाटतो. आपण दिवसभर करतो त्या कामातही कोठे धावपळीची नाट्ये घडतात?

१९४९ साली 'बानशुन' आला. 'सरता वसंत' असा त्याचा अर्थ. विधुर प्राध्यापक बाप आणि त्याचे घर सांभाळणारी सत्तावीस वर्षांची मुलगी नोरिको कामाकुरात राहतात. मुलगी सुखात आहे, तिला लग्न नको आहे. पण आत्याबाई स्वस्थ बसू देत नाहीत. या आत्याबाई मला फार आवडतात. देवळाच्या आवारात सापडलेले पैशांचे पाकीट भाचीचे लग्न जमण्याचा शुभशकुन म्हणून त्या कमरेच्या पट्ट्यात खोचतात आणि पोलीस दिसताच काढता पाय घेतात! शेवटी, आपणही पुन्हा लग्न करणार आहोत असे बाप मुलीला खोटेच सांगतो. बापाने दुसरे लग्न करावे या कल्पनेचीच तिला शिसारी येते, पण आपण आता या घरात अडचण आहोत असे वाटून ती होकार देते. लग्नाआधी बापलेक क्योतोची शेवटची सहल करतात. तेथे ती आपण आहे असेच राहू या, म्हणून एकदा विनवून पाहते. बाप तिची समजूत घालतो.

नवरदेव पडद्यावर एकदाही दिसत नाही. लग्नही दाखवलेले नाही. नटूनथटून खाली मान घालून बसलेली नोरिको दिसते आणि त्यानंतर एकदम बापाचे रिकामे घर. तो खुर्चीवर बसून सफरचंद सोलतो. साल लांबत लांबत खाली गळून पडते आणि त्याची मान झुकते. या ठिकाणी बापाने ओक्साबोक्शी रडावे अशी दिग्दर्शकाची इच्छा होती. पण बापाचे काम करणारे चिशू र्‍यू, जे ओझूंच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत, त्यांनी ते आपल्याला जमणार नाही असे सांगितले. ओझूंनी आग्रह धरला नाही. फार बरे केले.

हा चित्रपट मंडळाच्या सभागृहात दाखवला तेव्हा चहा निवून गेला तरी वाद मिटला नाही. निम्म्याजणींचे म्हणणे, बापाने केले ते योग्यच. आपण डोळे मिटल्यावर मुलीचे कसे होईल ही काळजी कोणाला चुकली आहे? उरलेल्या म्हणत होत्या की ही मायेने केलेली सक्तीच आहे. मुलगी सुखात होती, तिला कोणी विचारले? मी दुसऱ्या बाजूची. बापाच्या प्रेमाविषयी मला शंका नाही, पण खोटे बोलून मुलीला घराबाहेर काढावे लागते, तेथे त्या प्रेमाने आपला तोल सोडलेला असतो. आणि ओझूंनाही हे ठाऊक होते असे मी म्हणते. नाही तर लग्नाचा सोहळा त्यांनी असा गाळून टाकला नसता. ज्या लग्नाने सगळे आनंदी झाले ते लग्न लपवायचे कशाला?

दोनच वर्षांनी त्यांनी जणू याचे उत्तर दिले. १९५१ च्या 'बाकुशू' या चित्रपटात दुसरी एक नोरिको आहे. घरच्यांनी तिच्यासाठी तोलामोलाचे स्थळ पाहिलेले. शेजारची म्हातारी सहज बोलता बोलता, आपल्या विधुर, एका मुलीच्या बाप असलेल्या मुलाला तुझ्यासारखी बायको मिळती तर किती बरे झाले असते, असे म्हणून जाते आणि नोरिको तेथल्या तेथे हो म्हणते. म्हातारीला आनंदाने काय करावे सुचत नाही, ती तिला गोड पाव खायचा आग्रह करते. घरचे रागावतात, रडतात, पण ती ढळत नाही. दोन्ही नोरिको सेत्सुको हारा यांनीच केल्या आहेत. पहिलीतल्या आत्याबाई आणि दुसरीतली म्हातारी या दोघीही हारुको सुगिमुरा या एकाच अभिनेत्री, हे सांगूनही पटत नाही.

१९५३ साली 'टोकियो मोनोगातारी' म्हणजे 'टोकियोची कहाणी' आली. २०१२ साली 'साइट अँड साऊंड' या ब्रिटिश मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, तेव्हा आजवरच्या सर्व चित्रपटांत हा पहिला ठरला. कथा दोन ओळींची. ओनोमिची गावचे वृद्ध आईबाप टोकियोतल्या मुलांकडे जातात. थोरला डॉक्टर, मुलीचे केशभूषेचे दुकान, दोघांनाही सवड नाही. म्हाताऱ्यांना ते गरम पाण्याच्या झऱ्याच्या गावी धाडतात, तर तेथल्या गोंगाटात त्यांना रात्रभर झोप लागत नाही. प्रेमाने विचारपूस करते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा. कचेरीतून रजा काढून ती त्यांना शहर दाखवते आणि सासूला एका रात्रीपुरती आपल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात ठेवून घेते. गावी परतताच सासू वारते. आलेल्या मुली-मुलांत थोरली जेवता जेवताच आईचे कपडे मागते.

या थोरलीवर आमच्याकडे सगळ्याजणी तुटून पडल्या. मला मात्र तिच्याविषयी थोडी कणव वाटली. दुकान तिनेच चालवायचे, गिऱ्हाईक परत गेले तर चूल पेटायची नाही. ती दुष्ट नाही, ती वेळेच्या चरकात सापडली आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकी कितीजणी तिच्यासारख्या वागत नाहीत? ओझूंच्या चित्रपटांत खलपुरुष नसतो, खलस्त्रीही नसते, म्हणून तर ते पाहताना मनाला चैन पडत नाही. दोष कोणाच्या तरी डोक्यावर टाकून मोकळे होता येत नाही.

त्यांचे एक काम आपण बायकांनी विसरता कामा नये. किनुयो तानाका ही नावाजलेली अभिनेत्री दिग्दर्शनात उतरली, त्या काळी जपानात ही गोष्ट अप्रूपाची होती. ज्यांच्या चित्रपटांनी तिला कीर्ती मिळाली त्या मिझोगुचींनीच तिच्या दिग्दर्शनाला विरोध केला. ओझू तिच्या पाठीशी उभे राहिले आणि स्वतः सहलेखक असलेली पटकथा त्यांनी तिला दिली. १९५५ साली तो चित्रपट निघाला आणि तानाका यांनी पुढे आणखी चार काढले. पुढे १९५८ साली ओझूंच्या पहिल्या रंगीत चित्रपटात याच तानाका आई झाल्या. त्यात बाप मुलीच्या मनाजोगत्या लग्नाला आडवा येतो आणि ही शांत दिसणारी आई मुलीची बाजू घेऊन त्याला वाटेवर आणते. चित्रपटातली मला सर्वांत आवडणारी आई हीच.

आता ओझूंचे स्वतःचे घर. १९५२ पासून ते कामाकुराच्या उत्तर भागात आईसह राहू लागले. लग्न त्यांनी केले नाही. त्यांचे नाव अधूनमधून कोणाकोणाशी जोडले जाई, त्या खोलात मी शिरत नाही. म्हातारी आई आणि पन्नाशीचा मुलगा असा तो संसार दहा वर्षे चालला. १९६२ च्या फेब्रुवारीत, ते नोदांबरोबर डोंगरात पटकथा लिहीत असताना आसाएबाई गेल्या. आईचे क्रियाकर्म उरकून ओझू पुन्हा लिहायला बसले. ती पटकथा म्हणजे 'सान्मा नो आजी' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. त्यातही विधुर बाप मुलीचे लग्न करून देतो, दारू पिऊन रात्री घरी येतो आणि सुन्या स्वयंपाकघरात एकटा बसून राहतो. तेरा वर्षांपूर्वी सफरचंद सोलणारे चिशू र्‍यूच येथेही बाप आहेत. तेव्हा घर मुलीवाचून रिकामे झाले होते. या वेळी ते लिहिणाऱ्याचेच घर आईवाचून रिकामे झाले होते.

पुढच्याच वर्षी त्यांच्या मानेवर गाठ आली. तो कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, यातना फार झाल्या. १२ डिसेंबर १९६३ रोजी, म्हणजे बरोबर साठाव्या वाढदिवशी, त्यांचा अंत झाला. आपल्याकडे साठीची शांत करतात, तसे जपानातही साठावे वर्ष पुरे होणे म्हणजे एक कालचक्र पुरे होणे मानतात. कामाकुराच्या एंगाकुजी या मंदिराच्या आवारात त्यांची समाधी आहे. तिच्यावर नाव नाही. 'मु' एवढे एकच अक्षर कोरलेले आहे, 'काही नाही' अशा अर्थाचे. चाहते तेथे साकेच्या बाटल्या ठेवून जातात.

सेत्सुको हारा त्यांच्या अंत्यदर्शनाला आल्या होत्या. त्यानंतर त्यांनी पडद्याकडे पुन्हा पाहिले नाही. त्या वेळी त्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांनीही लग्न केले नव्हते. ज्या कामाकुरात पहिल्या नोरिकोचे घर दाखवले होते, त्याच गावात त्या मुलाखती, छायाचित्रे सारे टाळून पन्नासहून अधिक वर्षे राहिल्या. ५ सप्टेंबर २०१५ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्या वारल्या, आणि त्यांच्या जाण्याची बातमी जगाला कळायला नोव्हेंबर उजाडला.